जंतांचा मलिदा

माझ्या पोटात जंत आहेत हे कळल्यावर ज्या माणसाच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं, त्याच्याविषयी मला केव्हाचं लिहायचं होतं. राहून जात होतं, कारण त्यात माझी अब्रू गुंतलेली होती. आता ती भरल्या घरात, तीस-चाळीस माणसांसमोर गेलेली आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

नव्वदीची मधली वर्षं. इस्राएलच्या वाळवंटातल्या बेर्शेबा गावी एका दवाखान्याच्या तळघरात आमची प्रयोगशाळा होती. मी ठाण्याहून येऊन दोन वर्षं झाली होती आणि तिथे हंगामी कामाला होते. रक्ताला चार माणसं, लघवीला दोन, आणि कोपऱ्यात, जमिनीलगतच्या एकुलत्या एक खिडकीखाली, ज्यांच्याविषयी सांगतेय ते एकटे. त्यांच्या टेबलावर फक्त शौचाचे कप येत. हे टेबल कोणालाच नको असायचं. ते मात्र रोज सकाळी टाय लावून, बुटांना पॉलिश करून त्याच्याशी येऊन बसत, आणि पहिला कप उघडण्याआधी चष्मा पुसत.

या देशात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, झाडणारी बाई डॉक्टरलासुद्धा. यांना नावाने हाक मारली तर ते वळून बघत नसत. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेली ज्यू माणसं, त्यांना अंकल म्हणायचो. ते ऐकून रशियाहून आलेल्या आमच्या प्रमुख बाईंना वाटलं की हेच त्यांचं नाव. सुट्ट्यांच्या तक्त्यावर हिब्रूत 'अंकल' असंच छापलेलं असे आणि त्यांची त्याला तक्रार नव्हती.

अंकल मूळचे अलिबागकडचे. इथे यायच्या आधी मुंबईत सरकारी डिस्पेन्सरीत त्यांनी पंधरा वर्षं हेच काम केलं होतं. तो काळ त्यांच्या आयुष्यातला वैभवाचा काळ. "आमच्या टायमाला काय राउंडवर्म होते, पोरी!" ते म्हणायचे. "फर्स्टक्लास! दर तिसऱ्या स्लाइडवर अंडं. अंडं नसलेला कप आला तर मी पुन्हा बघायचो, वाटायचं माझंच काहीतरी चुकलं." आणि मग खिडकीबाहेरच्या रखरखीत वाळूकडे बघून सुस्कारा सोडायचे. गोल जंताच्या अंड्याला ओलसर, सावलीची माती लागते, तीन-चार आठवडे त्यात मुरावं लागतं, तेव्हा कुठे ते दुसऱ्याच्या पोटात जायच्या लायकीचं होतं. इथे माती नाही, ओल नाही, आणि गटारं जमिनीखालून. "सँड!" अंकल म्हणायचे. "नुसती सँड! त्यात काय जगणार?" बाकीचा देश वाळवंटात झाडं वाढवल्याचा अभिमान बाळगतो, यांना त्या वाळवंटात जंत होत नाहीत याचं दुःख होतं.

वीस वर्षांत त्यांना इथे एकही गोल जंत सापडला नव्हता. सुतासारखे बारीक जंत सापडत, बालवाडीतल्या प्रत्येक मुलाला असतात तसे, पण त्यांना अंकल खिजगणतीत धरत नसत. इथिओपियाहून माणसं आली तेव्हा त्यांच्या आशा पालवल्या होत्या. पण त्या लोकांचे नमुने थेट मोठ्या इस्पितळात गेले. ते दुःख त्यांनी मनाला फार लावून घेतलं. "सगळा माल तिकडे," ते म्हणायचे.

स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांनी जंतांना कधी संधी दिली नाही. कच्चं काही खायचे नाहीत. या देशात सकाळ-संध्याकाळ काकडी-टोमॅटोची कोशिंबीर खातात. अंकल लग्नालासुद्धा खिशात स्वतः धुतलेली, सोललेली काकडी रुमालात गुंडाळून न्यायचे. घरी आंटी, म्हणजे त्यांची बायको, कोथिंबिरीच्या काड्या एकेक करून जांभळ्या औषधाच्या पाण्यात बुडवायची. आंटीचं स्वयंपाकघर आमच्या समाजात प्रसिद्ध होतं. दुधाची भांडी वेगळी, मटणाची वेगळी, हे आमच्या धर्मात सगळ्यांकडेच असतं. आंटीकडे भाजी धुवायची तीन पातेलीही वेगळी होती. सिनागॉगमधल्या, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरातल्या, बायका तिच्याकडे हक्काने जेवायला जात आणि जाताना डबा भरून आणत. तिच्या चपात्या खाऊन मी इथली पहिली दोन वर्षं काढली.

शरद ऋतूतले सगळे सण आटोपले आणि वरच्या कचेरीतून पत्र आलं. शौचाचं टेबल बंद करायचा विचार आहे, नमुने यापुढे गाडीने दुसऱ्या मोठ्या प्रयोगशाळेत जातील, पुढच्या बुधवारी एक तपासनीस बाई पाहणीला येईल. प्रमुख बाईंनी पत्र वाचून दाखवलं. अंकलच्या निवृत्तीला अजून सव्वा वर्ष होतं.

"माझं काय?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला सामानाच्या खोलीत काम देऊ. हातमोजे, कापूस, असं."

त्या दिवशी ते डबा न खाता बसून राहिले. "हातमोजे मोजायला बसवणार मला," ते मला म्हणाले. "पस्तीस वर्षं मायक्रोस्कोपवर बसलेल्या माणसाला. पोरी, एक राउंडवर्म मिळाला असता ना, एकच, तर दाखवलं असतं यांना की या टेबलाचा उपयोग काय. तिकडच्या पोरी मशीनवर शिकल्यात. त्यांना अंडं दिसलं तरी हवेचा बुडबुडा म्हणून सोडतील." मग आवाज खाली आणून म्हणाले, "नवस बोललोय. एलियाहू हन्नाबीला. टेबल राहू दे, घरी मलिदा करीन."

मलिदा म्हणजे आमचा नवसाचा प्रसाद. गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं. नोकरी लागली, मूल झालं, मुलगा लष्करातून सुखरूप परत आला, की आमचा प्रेषित एलियाहू हन्नाबी, त्याच्या नावाने करतात. जंतासाठी कोणी मलिदा बोलल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

आता माझं सांगते. त्या उन्हाळ्यात मी महिनाभर ठाण्याला आईकडे राहून आले होते. आले ती ठणठणीत. तीन महिन्यांनी पोट मधूनच पिळवटायला लागलं, भूक कधी राक्षसासारखी, कधी अजिबात नाही. डॉक्टरने तपासून सांगितलं, नव्या देशाचा ताण आहे, तरी शौच तपासून घ्या. मला घाम फुटला. महिनाभरात माझी कायम नेमणूक व्हायची होती, आणि आमच्या प्रमुख बाईंचं ठाम मत होतं की प्रयोगशाळेतल्या माणसाच्या पोटात काही निघालं तर त्याला हात धुता येत नाहीत. शिवाय आमच्या लोकांत बातमी शुक्रवारी दुपारी निघाली तर त्याच संध्याकाळी शब्बाथच्या प्रार्थनेआधी सगळ्या बाकांवर पोचते. म्हणून मी माझ्या कपावर नुसता एक आकडा लिहिला, वहीत नोंद केली नाही, आणि सकाळच्या ट्रेमध्ये सरकवून दिला. उत्तर अंकल मोठ्याने वाचतात, ते ऐकून घेऊ, असा माझा बेत.

तास-दीड तास गेला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अंकल उभे होते. त्यांनी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला, कोपरापर्यंत हात धुतले, कोटाच्या खिशातून किप्पा, आमची प्रार्थनेची छोटी गोल टोपी, काढून डोक्यावर ठेवली, आणि आम्हाला या दिवसापर्यंत जिवंत ठेवल्याबद्दल परमेश्वराचे जे आभार मानतात ती ब्राखा पुटपुटले. मग दिवा पुन्हा लावून मला खुणेने बोलावलं.

मी वाकून पाहिलं. मधोमध सोनेरी तपकिरी, गोलसर, कडेने फुगीर नक्षी असलेलं एक अंडं. त्याच्या बाजूला दुसरं.

"सुंदर आहे की नाही?" त्यांनी विचारलं. "आणि बघ, फलित आहे. मादी एकटी असली तर अंडी लांबुळकी दिसतात. ही गोल आहेत. म्हणजे नवरा-बायको दोघं आहेत. संसार आहे!" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "ठाण्याला पेरू खाल्लास की कोथिंबीर?"

मी ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसले.

"इथली माणसं सातच्या आकड्याला मधे रेघ मारतात. कपावरच्या सातला रेघ नाही. रडू नको गो. एवढं रडण्यासारखं काय? तुझ्या आईला तुझ्या लग्नाची घाई, आणि तुझ्याआधी तुझ्या पोटात लग्न लागलं."

मी त्यांना हात जोडून सांगितलं की हे कोणाला कळता कामा नये. ते म्हणाले, "कपावरचं नाव टेबलाबाहेर जात नाही. पस्तीस वर्षं गेलेलं नाही." त्यांनी वरच्या डॉक्टरकडून चिठ्ठी घेतली, तीसुद्धा स्वतःच्या नावाने, आणि औषधाच्या खिडकीवरून सहा गोळ्यांची पट्टी आणली. सकाळ-संध्याकाळ एकेक, तीन दिवस, की संपलं. मी हात पुढे केला. त्यांनी पट्टी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

"आज गुरुवार," ते म्हणाले. "बुधवारपर्यंत कळ काढ."

मला आधी कळेचना. मग कळलं. तपासनीस बाईला दाखवायला ताजा नमुना हवा होता. फॉर्मॅलिनमध्ये जपून ठेवलेलं अंडं दाखवलं असतं तर प्रमुख बाई म्हणाल्या असत्या, हे तुम्ही मुंबईहून बाटलीत आणलंय. असं त्या एकदा म्हणाल्याही होत्या. "सहा दिवसांत काही होत नाही," अंकल म्हणाले. "तीन महिने सांभाळलेस ना? जास्त दुखलं तर त्याच क्षणी गोळी देतो, शपथ. पण नाही दुखलं तर..." मी हो म्हटलं. हातमोजे मोजत बसलेले अंकल मला डोळ्यांसमोर आणवत नव्हते.

ते सहा दिवस मी विसरणार नाही. रोज सकाळी अंकल विचारायचे, "कसे आहेत?" माझी चौकशी नसायची. लसूण खाऊ नको, पपईच्या बिया चघळू नको, तिखट कमी कर, त्यांना त्रास होईल. शुक्रवारी आंटीने माझ्यासाठी चपात्या आणि मऊ खिचडी पाठवली. तिला एवढंच सांगितलं होतं की पोरगी अशक्त झाली आहे. एकदा पोटात जरा कळ आली म्हणून मी चेहरा वाकडा केला, तर अंकल धावत आले, एका हातात गोळ्यांची पट्टी, दुसऱ्या हाताने छाती धरलेली, आणि चेहऱ्यावर असं संकट की मीच त्यांची समजूत घातली, "काही नाही अंकल, गॅस आहे."

बुधवारी तपासनीस बाई नऊ वाजता आली. आखूड केस, पायात सँडल, घाईत. अंकलनी नवा टाय लावला होता, आयोडीन ताजं केलं होतं, काचा तीनदा पुसल्या होत्या. आणि माझं पोट, जे सहा दिवस नको इतकं चालू होतं, त्या दिवशी बंद पडलं.

साडेनऊ. दहा. मी संडासात, अंकल दाराबाहेर. "होतंय का?" ते मराठीत विचारायचे. दाराखालून एक सुकं आलुबुखार आत आलं. मग दुसरं. मग कोमट पाण्याचा कागदी ग्लास दारात ठेवल्याचा आवाज. तिकडे तपासनीस बाई दुसरी कॉफी पीत होती आणि प्रमुख बाईंना सांगत होती की साडेअकराची बस गाठायची आहे. "पोरी," दारापलीकडून अंकल कळवळून म्हणाले, "डोळे मिट आणि एलियाहू हन्नाबीचं नाव घे." मी घेतलं. अशा कामासाठी त्यांचं नाव घेतल्याबद्दल मी नंतर मनातल्या मनात माफीही मागितली.

अकरा वाजता स्लाइड तयार झाली. तपासनीस बाई वाकली. बराच वेळ तिने मान वर केली नाही. "शिकताना चित्रात पाहिलं होतं," ती शेवटी म्हणाली. "खरं कधीच नाही." मग पुन्हा वाकली आणि म्हणाली, "याफे." हिब्रूत याफे म्हणजे सुंदर. अंकलनी खिडकीकडे तोंड फिरवून नाक शिंकरलं.

"हा रुग्ण कोण?" तिने विचारलं, आणि नोंदवही ओढली.

अंकलनी सगळ्याची तयारी केली होती, फक्त वहीची नाही. तो आकडा वहीत नव्हताच. प्रमुख बाईंनी दोनदा पानं उलटली. "नोंद नसलेला नमुना?" त्या म्हणाल्या. "अंकल, हे कुठून आणलंत? मला खरं सांगा." तपासनीस बाईने पेनाला टोपण लावलं. मी रक्ताच्या टेबलापाशी उभी होते. एक पाऊल पुढे टाकून 'माझा' म्हणायचं, एवढंच होतं. मी ते टाकलं नाही.

"माझा आहे," अंकल म्हणाले. "माझ्याच पोटातला. लाज वाटली म्हणून नोंद केली नाही. औषधाच्या खिडकीवर विचारा, गोळ्या माझ्या नावावर आहेत."

विचारलं. होत्या. लग्नात रुमालातली काकडी खाणाऱ्या माणसाच्या पोटात जंत! प्रमुख बाई हसू दाबत होत्या. तपासनीस बाईने मात्र काळजीने विचारलं, "मग औषध का घेतलं नाही?" अंकलनी खिशातून पट्टी काढली आणि तिच्यासमोर माझी पहिली गोळी गिळून टाकली. टेबल त्यांच्या निवृत्तीपर्यंत चालू ठेवावं, असं तिने तिथल्या तिथे लिहून दिलं.

माझ्यासाठी त्यांना दुसरी पट्टी आणावी लागली. तिसऱ्या दिवशी औषध संपलं, चौथ्या दिवशी जोडपं बाहेर आलं. बायको वीतभर, गुलाबी-पांढरी. नवरा तिच्याहून लहान, शेपटीला आकडा घातलेला. मी जॅमच्या बाटलीतून, वर्तमानपत्रात गुंडाळून, अंकलना नेऊन दिले. उपकार फेडायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. त्यांनी बाटली उजेडात धरून फिरवली आणि म्हणाले, "सुखाने नांदत होती बघ."

नवस फेडायचा होता. पुढच्याच आठवड्यात अंकलच्या घरी मलिदा झाला. सिनागॉगचे सगळे आले. आंटीने पोहे भिजवले, खोबरं खवलं, फळं तीन पाण्यांनी धुतली. प्रार्थना झाली आणि कोणीतरी विचारलं, "कशाचा मलिदा, अंकल?" आता टेबलाचा म्हणावं तर टेबल कसं वाचलं ते सांगावं लागणार, आणि दवाखान्यात काम करणारी आमची आणखी दोन माणसं समोर बसलेली, त्यांना बुधवारची हकिगत ठाऊक. अंकलनी शोकेसमधून बाटली काढली. "माझ्या पोटातून निघाले," ते अभिमानाने म्हणाले. "हन्नाबीने वाचवलं."

आंटीच्या हातात मलिद्याचं ताट होतं. तिने आधी बाटलीकडे पाहिलं, मग अंकलकडे, मग स्वतःच्या हातांकडे. बायकांनी मलिदा घेतला, प्रसाद नाकारता येत नाही म्हणून, पण दोन बोटांच्या चिमटीत. माझी मान वर होईना. मी दोन बशा मलिदा खाल्ला, माझ्याच जंतांचा, आणि गप्प बसले.

माझी नेमणूक कायम झाली. आंटीचं स्वयंपाकघर मात्र त्या दिवसापासून बंद पडल्यासारखं झालं. कोणी तोंडावर काही म्हटलं नाही. "आताच जेवून आलो गे," म्हणायच्या बायका. शेजारच्या बाईने, जी रोज संध्याकाळी तिच्याकडे गरम चपाती खायची, मधुमेह झाल्याचं सांगितलं. मी अंकलना म्हटलं, आंटीला तरी सांगा. ते म्हणाले, "टेबलाबाहेर नाव जात नाही. ती माझी बायको आहे, टेबल नव्हे." मी म्हटलं, मग मी सांगते. म्हणाले, "सांग, तुझं नाव तुझं आहे." आणि मी? आज सांगते, उद्या सांगते. लग्न झालं, मुलगी झाली, पुढे त्याच प्रयोगशाळेची मी प्रमुख झाले. अकरा वर्षं गेली. मला स्वतःची चीड येते ती या अकरा वर्षांची.

अंकल झोपेत गेले. शिवा म्हणजे आमचं सात दिवसांचं सुतक, त्यातल्या तिसऱ्या दिवशी मी गेले. घर माणसांनी भरलेलं. मृताच्या घरात चूल पेटवायची नसते, म्हणून सगळ्यांनी डबे आणले होते आणि सगळे त्याच डब्यांतलं खात होते. आंटी भिंतीशी खाली गादीवर बसली होती. समोर शोकेसमध्ये लग्नाचा फोटो, पितळेचा दिवा आणि ती बाटली. तिच्यावर अंकलच्या अक्षरात चिठ्ठी: 'जोडपं. ठाणे.'

"ती बघ," आंटी मला म्हणाली. "माणूस गेला आणि ते राहिले. चाळीस वर्षं मी याला धुऊन-पुसून वाढलं गो. कुठे चुकले असेन मी? रोज विचार करते. कोणत्या भाजीला तिसरं पाणी घालायचं राहिलं?"

तिच्या पायाशी बसून मी म्हटलं, "आंटी, तुमचं काही चुकलं नाही. ते माझे आहेत."

सगळं सांगितलं. कप, सात आकडा, सहा दिवस, गोळी. आंटी ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "आणि मेल्याने मला सांगितलं नाही? अकरा वर्षं?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंड मात्र हसत होतं. मग, शोकात बसलेल्याने उठायचं नसतं तरी ती माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ऐका गो सगळ्या! जंत हिच्या पोटातले! दवाखान्यातल्या मोठ्या बाईच्या! ठाण्याहून आणलेले! माझ्या घरातले नव्हेत!"

माझी आठ वर्षांची मुलगी बाजूला उभी होती, तिने हिब्रूत विचारलं, "ईमा, हे खरं आहे?" मी होकाराची मान हलवली. तीस-चाळीस माणसं माझ्या पोटाकडे बघत होती.

मग ती शेजारची बाई उठली. स्वयंपाकघरात गेली, आंटीच्या डब्यातली, अंकल गेले त्याच्या आदल्या रात्रीची एक चपाती घेऊन आली, आणि खोलीच्या मधोमध उभी राहून ती कोरडी, वातड चपाती सगळ्यांसमोर खायला लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी खात होती.

"अगो, बसून खा," आंटी म्हणाली. "ठसका लागेल." मग माझ्याकडे वळली. "आणि तू? गोळ्या पुऱ्या घेतल्या होत्यास ना?"

"घेतल्या, आंटी. तीन दिवस."

"मग जा. डब्यात अजून दोन आहेत. एक पोरीला दे, एक तू खा."